सवारी आणि फितले: पाय दोन्हीत, काम वेगळं

खान्देशात यात्रांमधल्या कुस्तीच्या दंगली खेळणारी पोरं पुढे शालेय स्पर्धेत मॅटवर उतरतात. खालच्याचे पाय अडकले की बघणारे सरसकट 'फितले लावलं' म्हणतात. पुष्कळदा ती सवारी असते. हे दोन वेगळे डाव आहेत, आणि हा घोळ पोरांच्या डोक्यात गेला की कुस्ती हातची जाते.

सवारीत वरच्याचे पाय राबतात. खालचा गुडघ्या-हातांवर असतो. वरचा मागून एक पाय त्याच्या मांडीच्या आतून घालतो, पाऊल नडगीला अडकवतो आणि आपली कंबर त्याच्या कंबरेवर दाबतो. पाय मागे ताणला की खालच्याचा गुडघा सरकतो, तो पोटावर येतो. सगळा जोर कंबरेचा. पण पाय घातला म्हणजे झालं असं समजून पोरं छाती पार मानेवर नेतात. मग खालचा डोकं खाली घालून कंबर उचलतो आणि वरचा त्याच्यावरून पुढे जाऊन पडतो. दुसरा पाय मोकळा, मातीत रोवलेला हवा. सवारीची खरी कमाई म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात: लांबचा दंड ओढा, मान दाबा, समोरचा दमला की पाठ फिरवा. यात्रेत गुण नसतात, चीतपट झाली तरच निकाल. म्हणून तिथं धीराने बसणं परवडतं.

फितल्यात राबतात हात. पट काढून, म्हणजे पाय धरून पाडल्यावर, समोरचा पोटावर आला की पाय आधीच हातात असतात. त्याचे घोटे एकमेकांवर चढवायचे, कवेत घट्ट आवळायचे आणि स्वतः कुशीवर लोळायचं. घोटे जुळल्यावर त्याला गुडघे फाकवता येत नाहीत. पायांमागोमाग कंबर वळते, पाठ मॅटकडे जाते. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पायही धरता येतात त्या मॅटवरच्या कुस्तीत, अशा प्रत्येक लोळणीचे २ गुण, आणि १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथंच संपते. योगेश्वर दत्तने २०१२ला लंडन ऑलिम्पिकमध्ये याच डावावर कांस्य मिळवलं. टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत कझाकस्तानच्या सनायेवने सलग फितल्यांनी रवी दहियाला २-९ असं मागे टाकलं होतं. रवीने शेवटी त्याला चीत करून कुस्ती जिंकली.

मॅटवर नुसती सवारी भरून बसलात तर पंच दोघांनाही उभं करतात, पदरात काही पडत नाही. अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत मात्र वर राहिल्याचा वेळ मोजतात, किमान १ मिनिट जास्त असेल तर १ गुण. उलट यात्रेत फितले मारताना जपून: लोळताना आपलीही पाठ मातीकडे जाते, आणि तिथं पाठ लागली की संपलं. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकली, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांना माती आणि मॅट दोन्ही हवं आहे. मग दोन्हीचे हिशेब वेगळे शिकवायलाच हवेत. ग्रीको-रोमन या मॅटवरच्या दुसऱ्या प्रकारात पायांचा वापरच बंद, त्यामुळे तिथं हे दोन्ही नाहीत.

बचावही उलटा. फितल्याची चाहूल लागताच पाय फाकवून ठेवायचे. घोटे एकदा जुळले की उशीर झाला. सवारीत घाई नको. आधी वरच्याचं अडकलेलं पाऊल हाताने सोडवायचं, कंबर त्याच्या कंबरेखालून बाजूला काढायची, मगच उठायचं.