पिवळी पडलेली लेन्स आणि काचेतले थोरियम

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एखादी जपानी लेन्स उजेडासमोर धरावी, काच कोऱ्या चहाच्या रंगाची दिसावी आणि विक्रेत्याने सांगावे, "साहेब, सोनेरी कोटिंग आहे, आता असलं मिळत नाही." घरी येऊन फोटो ग्रुपवर टाकला की लगेच उत्तर येते, "रेडिओॲक्टिव्ह आहे, आधी घराबाहेर काढ!" पहिली शुद्ध थाप आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण घाबरण्याइतके नाही.

आसाही पेंटॅक्सची सात भिंगांची सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ असो की दुसऱ्या महायुद्धात विमानातून टेहळणीसाठी वापरलेली कोडॅकची एरो-एक्टार, यांच्या काही भिंगांच्या काचेत थोरियम या किरणोत्सारी धातूचे ऑक्साइड घातलेले असे. त्याची गरज होती. अंधूक उजेडात काम देणाऱ्या मोठ्या तोंडाच्या लेन्सला प्रकाश जोरात वाकवणारी, म्हणजे जास्त अपवर्तनांकाची काच लागते. शिसे घातलेली काच प्रकाश वाकवते, पण लाल आणि निळा यांना फार वेगवेगळे वाकवते आणि फोटोत कडांना रंगीत झालर येते. थोरियममुळे अपवर्तनांक वाढतो आणि अपस्करण, म्हणजे ही रंगांची फाटाफूट, मात्र आटोक्यात राहते. पुढे हेच काम लँथॅनम या दुसऱ्या धातूवर भागू लागले आणि थोरियम मागे पडले.

आता पिवळेपणा. माझ्या मते या लेन्समधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. थोरियम-२३२ चे अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) सुमारे १,४०० कोटी वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या आसपास. हा क्षय इतका संथ असूनही एका ग्रॅममधले सुमारे ४,००० अणू दर सेकंदाला फुटतात, कारण ग्रॅमभरात अणूच अफाट असतात. प्रत्येक फुटीत बाहेर पडणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ४० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. काचेत तो केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही, पण तेवढ्यात लाखभर इलेक्ट्रॉन जागचे उठवतो. बहुतेक लगेच परत येतात. काही मात्र काचेच्या रचनेतल्या उणिवांमध्ये अडकतात आणि त्यांनी सोडलेल्या रिकाम्या जागाही दुसरीकडे अडकून राहतात. अशा अडकण्याच्या ठिकाणांना रंगकेंद्रे म्हणतात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांमधले अंतर नेमके निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या ऊर्जेइतके असले, की तो प्रकाश शोषला जातो. पांढऱ्यातून निळा वजा झाला की उरतो पिवळा. काचेत रंग मिसळलेला नाही, घाणही नाही. पन्नास-साठ वर्षांचा किरणोत्सार तिथे साठलेला आहे.

धोक्याचे काय? अल्फा कण जवळजवळ सगळे काचेतच अडतात. बीटा आणि गॅमा किरण थोडे बाहेर पडतात. लेन्सला किरणोत्सार मोजणारा मीटर टेकवला तर तो टकटकतो, दोन हात दूर नेला की नेहमीच्या पार्श्वभूमीत हरवतो. कॅमेऱ्याला लावून फोटो काढायला हरकत नाही. डोळ्याला चिकटून राहणाऱ्या आयपीसमध्ये, म्हणजे ज्यातून डोळा लावून पाहतात त्या भिंगात, मात्र अशी काच नको. अमेरिकी नियमांनी कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सला ३० टक्क्यांपर्यंत थोरियमची सूट देताना दुर्बिणीच्या आयपीसला आणि चष्म्याला ती नाकारली. आणि भिंग घासू नका, पॉलिश करू नका. पोटात किंवा फुप्फुसात गेलेल्या भुकटीतले अल्फा कण थेट पेशींवर आदळतात.

आपल्या लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीचे मेंटलही थोरियमचेच असायचे, तेव्हा कोणी ग्रुपवर ओरडत नव्हते. गंमत म्हणजे लेन्सला भिणारी मंडळीच 'ऊर्जा देणारे' लॉकेट गळ्यात घालतात. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने फाइव्ह-जीपासून संरक्षण देतो म्हणून विकल्या जाणाऱ्या, अशा लॉकेटांसह दहा वस्तूंबद्दल इशारा दिला होता. त्यांतून खरोखरच आयनीकारक, म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवणारा, किरणोत्सार बाहेर पडत होता! आणि लॉकेट चोवीस तास अंगाला चिकटलेले असते.

पिवळेपणा घालवायला अतिनील किरण पुरतात. त्यांची ऊर्जा मिळाली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रिकाम्या जागा भरतात. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात काही दिवसांत ते काही आठवड्यांत फरक दिसतो. एका तोंडाला ॲल्युमिनियमची फॉइल लावा, नाहीतर ऊन एकवटून गॅलरीतली सतरंजी पेटेल. भर दुपारी ठेवू नका. धातूची नळी तापते आणि आतले ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या (प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या) पात्यांवर उतरते. त्यापेक्षा अतिनील एलईडी टॉर्च बरा. पांढरे तंतू दिसले तर मात्र ती आपल्या पावसाळ्याची बुरशी, तिच्यामागे थोरियम शोधू नका. भिंगे चिकटवणारा जुना बाल्समही पिवळा पडतो, म्हणून खात्री मीटरनेच करावी.

थोरियम काचेतच असल्याने पिवळेपणा वर्षानुवर्षांनी परतणार. ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरणार असाल तर पिवळेपणा काढूच नका. निळे आकाश थोडे गडद होऊन ढग उठून दिसतात, पिवळा फिल्टर वेगळा विकत घ्यावा लागत नाही.