प्लॅटिनमवरची जागा पाण्याने आधीच धरलेली असते

रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड उतरवायला जाताना कुणी नवा सदरा घालत नाही. खांबावर विळा बसला की पाण्यासारखा चीक गळतो. कपड्यावर पडलेला थेंब वाळून तपकिरी-काळा झाला की मग साबण कितीही घासा. चिकातले फिनॉल जातीचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतात, त्याचा हा डाग. याच कुळातले रेणू कपाशीच्या पऱ्हाटीतलं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा पदार्थ, फोडलं की मिळतात. आपण पऱ्हाटी चुलीत घालतो किंवा बांधावर पेटवून देतो. खुद्द फिनॉलला हायड्रोजन जोडला तर सायक्लोहेक्झॅनोन मिळतो, आणि तो नायलॉनचा कच्चा माल आहे. हे जोडकाम प्लॅटिनम, पॅलेडियम, निकेल अशा धातूंच्या पृष्ठभागावर होतं. हे धातू म्हणजे उत्प्रेरक, स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारे.

असा कच्चा माल केळीच्या खांबातून घ्यायचा तर अडचण पाण्याची आहे. केळीच्या खांबात वजनाने साधारण ९० टक्के पाणीच असतं. १०० किलो खांब पुरता वाळवायला सुमारे दोन लाख किलोज्यूल उष्णता लागेल आणि हाती येईल १० किलो कोरडा माल. हा धंदा कुणालाच परवडायचा नाही, म्हणून रसायन ओल्यातच उरकलेलं बरं.

पण उत्प्रेरकांबद्दलची आपली बरीचशी पक्की माहिती कोरड्यातली आहे. गेरहार्ड एर्टल यांना २००७ साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यात निर्वात पेटीत ठेवलेला धातूचा लख्ख पृष्ठभाग आणि त्यावर सोडलेले वायूचे रेणू होते. अशा पेटीत फिनॉलचं सहा कार्बन अणूंचं कडं प्लॅटिनमवर सपाट आडवं पडतं आणि घट्ट चिकटतं. दर मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) सुमारे २०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेच पाण्यात करून पाहिलं तर ही उष्णता जेमतेम दहाव्या हिश्शावर येते. धातू तोच आणि रेणूही तोच, तरी एवढा फरक!

लग्नसराईतली एसटी आठवा. रिकाम्या गाडीत चढलात तर ऐसपैस बसता. भरलेल्या गाडीत आधी कुणाला तरी उठवावं लागतं, आणि अंगाने आडवे असाल तर दोघा-तिघांना. फिनॉलचं तसंच होतं. धातूवर पाणी आधीच बसलेलं असतं आणि सपाट पडणाऱ्या कड्याला एकदम बरेच रेणू हटवावे लागतात. त्या रेणूंचे धातूशी असलेले बंध तोडण्यात ऊर्जा जाते. शिवाय फिनॉलला स्वतःभोवतीचं पाणीही सोडावं लागतं. वरच्या २०० मधून हा खर्च वजा होतो. गर्दी किती, तेही बघा: लिटरभर पाण्यात ९४ मिलिग्रॅम फिनॉल विरघळवलं, तर त्याच्या एकेका रेणूमागे पाण्याचे ५५ हजारांहून जास्त रेणू असतात. तरीही फिनॉलला जागा मिळते, कारण उठलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात आणि ते मोकळेपण चिकटण्याच्या बाजूने जातं.

किती जागा भरल्या, हे मोजायची युक्ती मला फार आवडते. आम्लाच्या पाण्यात प्लॅटिनमची तार बुडवून विजेचा दाब हळूहळू खाली-वर करायचा. एका ठरावीक टप्प्यात पृष्ठभागावरच्या जवळजवळ प्रत्येक अणूवर हायड्रोजनचा एकेक अणू बसतो आणि आलेखात विद्युतप्रवाहाचे उंचवटे दिसतात. चौरस सेंटीमीटरला सुमारे २१० मायक्रोकुलॉम (विद्युतभाराचं माप), हा त्याचा ठरलेला हिशेब. मग फिनॉलचे थेंब टाकायचे. उंचवटे बसू लागतात. हायड्रोजनला जेवढी जागा कमी पडली, तेवढी फिनॉलने अडवली.

आता, चिकटणं सैल झालं म्हणजे नुकसानच झालं का? तसं नाही. रेणू फार घट्ट बसला तर तो उठत नाही आणि उत्प्रेरक तुंबतो. फार सैल बसला तर क्रिया व्हायच्या आतच निघून जातो. हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीसाठी १९१२ साली नोबेल मिळवणाऱ्या पॉल साबात्ये यांच्या नावाने हे तत्त्व ओळखलं जातं. त्यामुळे कोरड्यात गुदमरणारा धातू पाण्यात बरा चालू शकतो, आणि कोरड्यात पहिला आलेला पाण्यात मागे पडू शकतो. उत्प्रेरकांचे कोरड्यातले तक्ते पाण्यातल्या कामाला जसेच्या तसे लावणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

शिवाय शेतातलं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. आपल्याकडे केळीला ठिबकमधून म्युरेट ऑफ पोटॅश सोडतात. ते पोटॅशियम क्लोराईड, आणि क्लोराईड प्लॅटिनमला आवडीने चिकटतं. म्हणजे जागेला तिसरा दावेदार तयार. प्रयोगशाळेत हे टाळायला बहुधा परक्लोरिक आम्ल वापरतात, कारण त्याचा आयन धातूला फारसा धरत नाही. खांबाचा रस वापरायचा तर क्लोराईड आधी बाजूला काढावं लागेल, नाहीतर त्याला न जुमानणारा धातू शोधावा लागेल.