बंद खिडक्या म्हणजे विंडो टॅक्सच? नाही हो!
ब्रिटनमधल्या बाथ किंवा एडिनबरा शहरातल्या जॉर्जियन, म्हणजे साधारण १७१४ ते १८३० च्या काळातल्या घरांच्या रांगेचा फोटो आला की कोणीतरी हमखास लिहितं, या बंद खिडक्या विंडो टॅक्स, म्हणजे घराच्या खिडक्यांच्या संख्येवर लागणारा कर, वाचवायला बुजवल्यात. टॅक्स खरा होता, इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१, आणि त्यापायी काही खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण बऱ्याच पहिल्या दिवसापासूनच खोट्या आहेत! बाहेरून सगळं एकसारखं दिसायलाच हवं, आणि आत नेमकी तिथेच धुराडं किंवा मधली भिंत आली की खरी खिडकी कुठून काढणार, मग नुसता कोनाडा ठेवायचे, कधी काळा रंग देऊन त्यावर चौकटीही रंगवायचे. मला ही सिमेट्रीची हौस टॅक्सच्या गोष्टीपेक्षा भारी वाटते. कोनाड्यातल्या विटा आजूबाजूच्या भिंतीत गुंफलेल्या दिसल्या तर तो बहुतेक मुळातलाच.