पूर्वनियोजन म्हणजे नशीब नव्हे

नाशिकमध्ये, शरणपूरच्या प्रॉटेस्टंट वस्तीपासून कॅथलिकांच्या बाळ येशूच्या यात्रेपर्यंत, एक समज जुना आहे: प्रॉटेस्टंट कपाळी लिहिलेलं मानतात, कॅथलिक माणसाची इच्छा मानतात, आणि पूर्वनियोजन, म्हणजे कुणाचं तारण व्हायचं हे देवाने आधीच ठरवलेलं असणं, ही कल्पना प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनची.

कॅल्विन जन्मला १५०९ साली. त्याच्या हजारेक वर्षं आधी तारण देवाच्या कृपेनेच होतं म्हणणारा ऑगस्टीन आणि माणसाच्या इच्छेवर भर देणारा पेलाजियस यांच्यात हाच वाद पेटला होता. पुढे ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने ठरवलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेनेच होते. देव कुणाला पापासाठी नेमून ठेवतो, हे मात्र तिने धिक्कारलं. म्हणजे कॅथलिक परंपरा फक्त इच्छेवर उभी नाही. आणि प्रॉटेस्टंटांचं एकमत तर कधीच नव्हतं. डच धर्मपंडित आर्मिनियस प्रॉटेस्टंटच होता. कृपा आधी, हे तोही मानायचा; फक्त माणूस ती नाकारू शकतो, असं त्याचं म्हणणं. १६१८-१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या कॅल्विनवादी सभेने त्याच्या अनुयायांना बाहेर काढलं, पण पुढे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक वेस्ली याने तीच बाजू घेतली. शरणपूर ज्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेतून उभं राहिलं, तिच्या श्रद्धेच्या एकोणचाळीस कलमांतलं सतरावं पूर्वनियोजनावरच आहे.

‘सगळं ठरलंय, मग प्रार्थना, प्रचार कशाला?’ हा प्रश्न मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. कॅल्विनवादी म्हणतात, देव शेवट ठरवतो तसा मार्गही ठरवतो, आणि उपदेश हाच तो मार्ग. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम केरी पक्का कॅल्विनवादी होता. प्रचारासाठीच तो इंग्लंड सोडून भारतात आला.