काम नाव घेऊन सांगा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'टाकी भरून वाहतेय, कोणीतरी बघा' असा मेसेज येतो. वीस जण तो वाचतात आणि पाणी वाहतच राहतं. असं झालं की आपण लगेच लोकांच्या स्वभावावर घसरतो. पण स्वभावापलीकडेही इथे बरंच काही घडत असतं.

जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली न्यू यॉर्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला सांगितलं होतं. थोड्या वेळाने त्यातल्या एकाचं बोलणं अडखळू लागलं. मला फिट येतेय, कोणीतरी या, असं तो म्हणू लागला. (तो आवाज टेप केलेला होता, ऐकणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) हे ऐकणारे आपण एकटेच, असं ज्यांना वाटत होतं त्यांतले ८५ टक्के जण त्याचा आवाज बंद पडायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटत असताना मात्र ३१ टक्केच उठले.

न उठलेले निर्ढावलेले होते का? संशोधक आत गेले तेव्हा त्यांतल्या अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. 'तो बरा आहे ना?' असं तेच विचारत होते. काळजी होती, फक्त ती पाच जणांत वाटली गेली होती. बाराभाईची खेती म्हणतात ती हीच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण नंतर तपासलं गेलं. दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. म्हणजे समोर सगळं दिसत असेल, तर माणसं आपल्याला वाटतं तेवढी वाईट नाहीत. तरी अपघाताच्या जागी नुसतं 'कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा' असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा आणि 'अहो निळा शर्ट, १०८ लावा' असं सांगा. पोलिसांचं झेंगट मागे लागेल ही भीतीही आता बाळगायला नको, कारण २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा १९७६ चा अभ्यास. अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं, की तुमचं तुम्ही ठरवा. रोपटं हवं तर निवडा, त्याला पाणीही तुम्हीच घाला, सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी आणि सिनेमा होताच, पण पाणी नर्स घालणार आणि वार कर्मचारी ठरवणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त टवटवीत आणि मिसळणारी झाली होती. दीड वर्षानंतर तिथले मृत्यूही कमी आढळले. या मृत्यूंच्या आकडेमोडीत चूक होती, ती लेखिकांनी पुढे स्वतःच जाहीर केली. दुरुस्तीनंतर तो फरक बराच लेचापेचा ठरला. त्यामुळे 'रोप लावा, आयुष्य वाढवा' असे जे फॉरवर्ड फिरतात, ते सोडून द्या. जबाबदारी मिळाल्यावर माणसं ताजीतवानी झाली, एवढं मात्र शिल्लक राहतं.

आपल्याकडे प्रेमाची रीत नेमकी उलटी. 'आई, तू बस गं, आम्ही आहोत ना' म्हणत तिच्या हातातलं एकेक काम आपण काढून घेतो. मग ती दिवसभर खिडकीशी बसते आणि आपण म्हणतो, हल्ली तिचं कशात लक्षच नसतं. काम द्यायचं तर खरं द्यावं. मटार सोलायला देऊन वर 'राहू दे, मी करते' म्हणायचं, याला काम देणं म्हणत नाहीत. विरजण तिच्याकडे असेल तर रात्री मागून कोणी हळूच लावून ठेवायचं नाही. ती विसरली, तर दुसऱ्या दिवशी घरात दही नसेल. दुकानातून पिशवीही आणायची नाही.