एमआरआयचं मशीन गाठ जाळत नाही

खानापूरच्या आमच्या मावशींनी कंबरेचा एमआरआय दोनदा टाळला. बेळगावची बस समोर उभी, पण डॉक्टरांची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून त्या कट्ट्यावरच बसून राहिल्या. कारण आमच्या भागात कित्येक वर्षं फिरणारी एक गोष्ट: "त्या मशीनच्या किरणांनी आतली गाठ जाळतात, मग चांगलं मांस भाजणार नाही होय?"

मावशी, जाळतं ते वेगळंच. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींवर एक उपचार आहे, अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली. भिंगातून ऊन एकवटावं तशा त्यात अल्ट्रासाऊंडच्या लहरी एका ठिपक्यावर एकवटतात. तेवढाच भाग ५५-६० अंशांच्या वर तापतो आणि तिथल्या पेशी मरतात.

एमआरआय तिथे राखणीला असतो. पाण्यातल्या हायड्रोजनची चुंबकात एक ठरलेली वारंवारता असते, म्हणजे सेकंदाला किती गिरक्या ते ठरलेलं असतं. मांस एक अंश तापलं की ती साधारण दहा कोटींत एक भाग घसरते. इतकी बारीक घसरण पकडून दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा डॉक्टरांसमोर येतो. नको तिथे तापलं की लहरी लगेच थांबवतात. (चरबीत ही खूण उमटत नाही, तिथे दुसरी पद्धत लागते.)

साध्या तपासणीत अल्ट्रासाऊंडच्या लहरी सोडणारं ते उपकरण नसतंच. क्ष-किरणही नसतात. रेडिओलहरींनी अंग किंचित कोमट होतं, पण त्याला मर्यादा घातलेली असते. पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर मात्र आधी सांगा, आणि जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवून या.