सर्व्हे नंबर

मुंबई इलाख्यात जमीनमहसूल ठरवण्यासाठी ब्रिटिश सरकारने मोजून, हद्दीचे दगड रोवून पाडलेला जमिनीचा तुकडा. भूमापन क्रमांक असेही म्हणतात.

पूर्वीच्या मोजमापांविषयी एकमत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने जमीन प्रत्यक्ष मोजली की नजरअंदाजाने आकारणी केली, हा जुना वाद आहे. दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. शिवकालीन काठी सभासद बखरीत (सु. १६९७) पाच हात पाच मुठी, म्हणजे ८२ तसू (तसू हे लांबीचे जुने लहान माप), सांगितली आहे. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. मात्र तेथे हात १४ तसूंचा धरला आहे आणि तसूची लांबी सर्वत्र सारखी नव्हती. म्हणून या बिघ्याचे एकरांत केलेले रूपांतर अंदाजीच समजावे. बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतरची आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. पुढे पेशवाईतही गावोगावचा बिघा एक नव्हता. काही ठिकाणी हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरीत. कारकुनाला हा गोंधळ वाटला तरी गावकऱ्यांच्या दृष्टीने त्यात जमिनीचा कस आधीच जमेस धरलेला असे.

प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८२८ च्या सुमारास पुणे भागात निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला. तो प्रयोग फसला. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात (१८३५-३६) उत्पन्नाचा हिशेब सोडून मातीची खोली, पोत व दोष यांवरून प्रतवारी लावली. तिची आणेवारी होई, म्हणजे प्रत आण्यांत मांडली जाई, आणि साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी बांधला जाई. मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, एक चौरस साखळी म्हणजे गुंठा (१,०८९ चौ. फूट) आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ही पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली. १८६५ व १८७९ च्या कायद्यांनी तिला आधार दिला.

सरकारी दप्तरात मिरासदार (वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेले) व उपरी (असा हक्क नसलेले) दोघेही खातेदार झाले. भाऊबंदकीच्या सामाईक थळांवर (वडिलोपार्जित जमिनींवर) वेगवेगळे नंबर पडले. वंशपरंपरेची मिरास ही गावातील प्रतिष्ठाही होती. तिची दखल घेणारा रकाना नव्या नोंदवहीत नव्हता, आणि हे नुकसान करवाढीइतकेच गंभीर मानले पाहिजे. १८७५ च्या दक्षिणेतील दंग्यांना फेरआकारणी कितपत कारणीभूत होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सावकारी कर्जाचा वाटा बहुतेक सर्वांना मान्य आहे. कोकणात खोतीमुळे, म्हणजे खोतांमार्फत सारावसुली होत असल्यामुळे, ही पद्धत उशिरा व वेगळ्या रूपाने लागू झाली.

आजच्या सातबारा उताऱ्यावर, जमिनींच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झालेल्या गावांत याच क्रमांकांच्या जागी गट क्रमांक असतो.